मनगटाचा पट्टा: कोणता घ्यायचा, कधी बांधायचा

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत परभणीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ज्या बाया येतात, त्यांतल्या बऱ्याच जणी आधीच पट्टा बांधून येतात. मेडिकलवाल्यानं दिलेला, ताणला की ताणणारा, मऊ. "बांधलाय की, तरी रात्री हात बधिर पडतो." पडणारच. त्या पट्ट्यात मनगट हवं तसं वाकतं.

पट्टा घेण्याआधी दुखणं कुठलं ते बघा. रात्री अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू मुंग्यांनी भरते, उठून हात झटकला की बरं वाटतं, तर मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली जात असावी. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. मुंग्या फक्त करंगळीच्या बाजूला असतील तर बहुधा कोपराजवळची नस, तिथं हा पट्टा कामाचा नाही. म्हशीची धार काढताना, धुणं पिळताना, तान्ह्या लेकराला उचलताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, ते आणखी निराळं. अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. अंगठ्याच्या बाजूनं मनगटात सणक गेली तर तिथले स्नायूबंध सुजलेले असतात. त्याला अंगठाही धरून ठेवणारा 'थंब स्पायका' पट्टा लागतो. अंगठा मोकळा सोडणारा घेतलात तर पैसे वाया.

आता नसेच्या दुखण्याचा पट्टा. यात तळहाताच्या बाजूला ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि गंमत अशी की बऱ्याचदा ती मागच्या बाजूला वाकवलेलीच येते. मनगट मागं वळलं की बोगद्यात दाब वाढतो, पुढं वळलं तरी वाढतो. सरळ असताना सगळ्यात कमी. म्हणून पट्टी खिशातून बाहेर काढा, दोन्ही हातांनी दाबून जवळजवळ सपाट करा आणि परत घाला. बांधल्यावर हात टेबलावर आडवा ठेवून बाजूनं कुणाला तरी बघायला सांगा: कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत एक रेघ दिसली पाहिजे. माझ्याकडे 'पट्ट्यानं काहीच फरक नाही' म्हणून आलेल्यांची ही पट्टीच मी आधी बघते.

पट्टा तळहातावरच्या, बोटांकडच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपला पाहिजे, म्हणजे मूठ पूर्ण वळते. वेल्क्रोखाली एक बोट सहज जावं. बोटं सुजली, निळसर पडली तर सैल करा.

बांधायचा रात्री. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली घेतो, नस तेव्हाच चेंगरते. रोज, किमान सहा आठवडे. आठ दिवसांत सोडून देणारे फार. दिवसा घालून भाकरी थापायला बसू नका, मनगट अडलं की सगळा जोर कोपर-खांद्यावर जातो. अंगठ्याच्या दुखण्यात मात्र दिवसाही घाला, मधून मधून काढून अंगठा हलवा आणि पिळण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. (सासूबाई काय म्हणतील, हे मला विचारू नका.)

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पट्ट्याखाली घामोळं येतं. सुती मोज्याचा पंजा कापा, अंगठ्यासाठी भोक पाडा आणि तो आत घाला. असे दोन ठेवा, रोज धुवा.

पडून हात टेकला आणि त्यानंतर दुखत असेल, तर पट्ट्याआधी एक्स-रे. मुंग्या असतील तर शुगर आणि थायरॉईड एकदा तपासून घ्या. गरोदरपणातल्या मुंग्या बहुतेकींच्या बाळंतपणानंतर कमी होतात, तोवर रात्रीचा पट्टा पुरतो. सहा आठवड्यांनीही फरक नसेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ऑपरेशनच्या आधी इंजेक्शनचा मार्ग असतो. पण हात चोवीस तास बधिर असेल, पेला हातातून निसटत असेल किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग खोल गेलेला दिसत असेल, तर सहा आठवडे थांबूच नका, लगेच जाऊन नसेची तपासणी करून घ्या.