दूध तोडलेल्या पिल्लांच्या पहिल्या दोन रात्री

दिवाळी झाली, रात्रीचा गारठा वाढायला लागलाय, आणि आता पुढचा महिनाभर डुक्कर पाळणाऱ्यांचे मला एकाच कारणासाठी फोन येणार, "पिल्लं तोडली आणि चौथ्या दिवशी हगवण लागली, कुठलं प्रोबायोटिक, म्हणजे पोटातल्या चांगल्या जिवंत जंतूंचं औषध, देऊ?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, तोडल्यावर पहिल्या दोन दिवसात पिल्लानं पोटात नक्की टाकलं किती? यावर बहुतेक जण गप्प बसतात, कारण कुंडीत खाद्य ओतलं एवढंच त्यांना माहीत असतं, ते कोणी खाल्लं हे कोणीच बघितलेलं नसतं.

गेल्या थंडीत एका पोराच्या फार्मवर गेलो होतो, दोन वेतांची पिल्लं ४२ दिवसांची करून तोडलेली, चांगली पोसलेली, पाचव्या दिवशी त्यातली चार मेलेली. तो म्हणत होता सर खात होती की, कालच बकाबका खाल्लंय. एक पिल्लू फाडून दाखवलं त्याला, पोटाची पिशवी कोरड्या खाद्यानं कच्च भरलेली आणि खाली आतडं नुसतं पिवळसर पाण्यानं फुगलेलं. दोन दिवस उपाशी, तिसऱ्या दिवशी भूक अनावर झाली म्हणून अधाशासारखं खाल्लं, आणि ते पचवायला आतडं शिल्लकच नव्हतं. आणि त्याच कप्प्याच्या खिडकीत डीलरनं दिलेलं प्रोबायोटिकचं महागडं पॅकेट उघडून ठेवलेलं, त्यावर ऊन येत होतं.

हे असं का होतं ते समजून घ्या. आतड्याला आतून टर्किश टॉवेलसारखी लव असते, तीच अन्न शोषते. आईच्या दुधावर ती लव उभी राहते, दूध तुटलं आणि पोट रिकामं राहिलं की दोन-तीन दिवसात ती आखूड होते. शिवाय पिल्लाच्या पोटात आम्ल कमी असतं, दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होऊन आतापर्यंत काम भागत होतं, ते बंद झालं की हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूंना रान मोकळं. रिकाम्या, झडलेल्या आतड्यात कितीही चांगले जंतू सोडा, ते टिकणार कशावर?

म्हणून हे करा. पिल्लं हलवू नका, मादी हलवा, पिल्लं आहे त्याच कप्प्यात राहू द्या. पहिले चार दिवस कोरडं खाद्य नाही, एक भाग खाद्य आणि दोन भाग कोमट पाणी अशी पेज, दिवसातून पाच वेळा, पसरट घमेल्यात, सगळी एकदम तोंड घालू शकतील एवढी जागा. उरलेली पेज तासाभरात काढून घमेलं धुवायचं. आणि रात्री झोपायच्या आधी आत जाऊन प्रत्येक पिल्लाच्या पोटावर हात फिरवायचा, बरगडीमागं खळगा लागला की ते खाल्लेलं नाही, त्याच्या पाठीवर खडूची रेघ मारायची आणि त्याला वेगळं घेऊन बोटानं पेज चाटवायची. वीस पिल्लांना दहा मिनिटं लागतात.

थंडीचं पण यातच येतं. संध्याकाळी फरशी धुऊ नका, धुवायची तर सकाळी अकराला, उन्हात. या वयाला २६ ते २८ अंश ऊब लागते आणि पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे ती अर्धी पण नसते. भाताचा कोरडा पेंढा टाका, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा पण वरून हवा खेळू द्या. पिल्लं एकमेकांवर ढीग करून झोपली म्हणजे गारठलीत, आणि गारठलेलं पिल्लू खायला उठत नाही, म्हणजे परत तेच, रिकामं पोट.

आता प्रोबायोटिक. मी विरोधात नाही, पण रिझल्ट फार्मागणिक वेगळा येतो. लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस, यीस्ट यांपैकी काय आहे आणि किती सीएफयू (म्हणजे जिवंत जंतूंची संख्या) आहे हे पॅकेटवर लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. साधारण एका किलो खाद्यात १०० कोटी जिवंत जंतू पडतील असा डोस असतो. तोडायच्या आठवडाभर आधीपासून सुरू करायचं, हगवण लागल्यावर नाही. गरम पेजेत टाकलं तर लॅक्टोबॅसिलस आणि यीस्ट मरतात, अँटिबायोटिकबरोबर दिलं तरी लॅक्टोबॅसिलस मरतो, मग दोन्हीचे पैसे गेले. आणि कोणी कोलिस्टिन या अँटिबायोटिकची पुडी पुढं केली तर सरळ नाही म्हणा, खाण्यासाठीच्या जनावरांत २०१९ पासून आपल्याकडं बंदी आहे.

माझा स्वतःचा अनुभव विचाराल तर घरचं आंबट ताक. पेजेत पाण्याच्या जागी निम्मं ताक घालतो, आणि ज्यांनी हे मनापासून केलंय त्यांच्याकडं शेण घट्ट राहतं असं मला तरी दिसलंय. ताक बिनमिठाचंच हवं.

बाकीची नेहमीची कामं:
- क्रीप फीड (आईचं दूध चालू असतानाच द्यायचं खाद्य) जन्मल्यावर १०व्या दिवसापासून, मूठभर, रोज ताजं, १८ ते २० टक्के प्रोटीन
- कच्चं सोयाबीन नाही, बुरशीची शेंगदाणा पेंड नाही
- निपलचं (पिल्लं तोंडानं दाबून पितात त्या नळाचं) पाणी मिनिटाला अर्धा लिटर, रोज दाबून बघा
- हॉटेलचं उरलेलं अन्न या पिल्लांना नाहीच, मोठ्यांना अर्धा तास उकळून
- जंतनाशक फेनबेंडाझोल, पिल्लाच्या वजनाच्या किलोला ५ मिलिग्रॅम, तोडल्यावर दहा-बारा दिवसांनी
- लस, खच्चीकरण, तोडणं एकाच दिवशी नको

हगवण लागलीच तर खाद्य निम्मं करा, बंद नाही. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, शेजारी साधं पाणी पण ठेवा, नाहीतर मीठ बाधतं. डोळे खोल गेले किंवा पिल्लू उठेना तर डॉक्टरला त्याच दिवशी बोलवा. आणि लहानांबरोबर मोठी जनावरं पण ताप येऊन पडायला लागली, कानावर-पोटावर जांभळे चट्टे दिसले तर ही हगवण नव्हे, स्वाईन फीवरची (डुकरांच्या जीवघेण्या साथीच्या तापाची) शंका आहे, एकही जनावर विकू नका, हलवू नका, लगेच १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.