बॅरलमध्ये मुरलेली काळी बीअर चाखताना या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात शेतावर भरीत पार्टी होती. चुलतभाऊ शिकागोहून आला होता आणि बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या बॅरलमध्ये मुरवलेल्या इम्पीरियल स्टाउटच्या, म्हणजे कडक काळ्या बीअरच्या, तीन बाटल्या घेऊन आला होता. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली जात होती आणि आम्ही पाच जण त्याच जाळाशेजारी ग्लास धरून बसलो. प्रत्येकाने कागदावर आपलं मत लिहिलं. पाचही कागदांवर पहिला शब्द एकच होता, धूर. दुसरी बाटली दोन दिवसांनी घरात बसून उघडली, तर धुराचा मागमूस नाही. त्या दिवशी आम्ही बीअर नाही, आपापल्या शाली हुंगत होतो.

तर पहिली चूक जागेची. जाळ, उदबत्ती, डासांची कॉइल, तोंडातलं पान किंवा तंबाखू, यांपैकी काहीही जवळ असेल तर नाक दुसऱ्याचंच ऐकतं. शिवाय ‘जळालेलं लाकूड’ म्हटलं की खान्देशी माणसाला भरीतच आठवतं, त्यामुळे धूर असणारच असं आपण आधीच ठरवून बसतो. खरं तर अमेरिकेच्या कायद्यानुसार बर्बन मुरवायला आतून जाळलेलं, नवं कोरं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलेल्या पिंपात पुन्हा बर्बन भरता येत नाही, म्हणून साधारण २०० लिटरची ती पिंपं बीअरवाल्यांच्या हाती येतात. कोळशाच्या थराखालचं लाकूड तापून बदललेलं असतं. व्हॅनिला, कॅरमल आणि खोबऱ्यासारखा वास तिथून येतो, आणि लाकडात जिरलेली बर्बनही हळूहळू बीअरमध्ये उतरते. शिकागोच्या गूज आयलंड या ब्रुअरीने नव्वदच्या दशकात हा प्रयोग केला आणि पुढे त्याची लाटच आली. स्वच्छ हवेत बसूनही धुराचा वास आला, तर बाटलीवर स्मोक्ड माल्ट, म्हणजे धुरावर वाळवलेलं मोड आलेलं धान्य, लिहिलंय का ते बघा. नसेल तर तो दोष धरायला हरकत नाही.

थंडगार नको, आणि ‘रूम टेंपरेचर’ही नको

आपल्याकडे बीअर म्हणजे बाटलीला बाहेरून पाणी सुटलं पाहिजे. एवढ्या गारव्यात ही स्टाउट मुकी होते, नुसती कडू आणि जड लागते. तिला १० ते १४ अंश बरे. पण परदेशी माणूस ‘खोलीच्या तापमानाला येऊ द्या’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर जळगावचा मे महिना नसतो. ४३-४४ अंशांत उघड्यावर ठेवलेली बाटली बघता बघता कोमट होते, मग अल्कोहोल नाकात घुसतं आणि माणूस बीअरला नावं ठेवतो. हिवाळ्यात फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं थांबावं. उन्हाळ्यात काढल्यावर लगेच थोडी ओतावी, उरलेली परत आत ठेवावी आणि ग्लास हातात धरून वास कसा उलगडतो ते बघावं. मला विचाराल तर उन्हाळ्यात ही बाटली उघडूच नये.

साठवणीतही तेच. ‘मुरेल तितकी चांगली’ हे लोणच्याला ठीक. तिसरी बाटली मी हौसेने कपाटावर ठेवली आणि एका उन्हाळ्यात तिची वाट लागली. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसचा वास आणि मागून ओल्या पुठ्ठ्याची चव. फ्रिजमध्ये जागा नसेल तर आणल्या हिवाळ्यातच पिऊन टाका.

‘किक’ मोजू नका

इम्पीरियल स्टाउटमध्ये ८ ते १२ टक्के अल्कोहोल असतं आणि बॅरलमधली बरेचदा त्याच्याही पुढे जाते. आपल्या दुकानातली स्ट्राँग जिथे थांबते तिथून हिची सुरुवात. म्हणून माणशी ६० ते ९० मिलीलिटर पुरे. एक बाटली चार-पाच जणांत वाटायची गोष्ट आहे.

आमच्या मामांनी पहिला घोट घेतला आणि विचारलं, “हाई बीअर शे का दारू?” सगळे हसले, पण मामांचा प्रश्न अगदी बरोबर होता. व्हिस्कीचा वास जितका जोरात तितकी बीअर भारी, असं बरेच जण समजतात. पिंप हा मसाला आहे. शेवभाजीच्या रश्श्यात नुसता काळा मसालाच लागला तर आपण बाईचं कौतुक करत नाही, हात सैल सुटला म्हणतो. घोट गिळल्यावर थांबा आणि कॉफी, कोको, करपलेल्या धान्याचा कडवटपणा मागे उरतो का ते बघा. उरला तर स्टाउट जिवंत आहे. छातीत ऊब आली तर चालेल. घसा जळला आणि नेलपॉलिशसारखा वास आला, तर मार्क कापा.

गोडव्याचंही असंच. काकवीसारखी दाट लागली की लोक खूश होतात, पण त्या गोडाला कडवटपणाने आवरलं नसेल तर तिसऱ्या घोटाला तोंड फिरतं.

केळी, लाकूड आणि फेस

आपला सगळ्यात मोठा घोटाळा केळ्याचा. पिकल्या केळ्याचा वास आला की आमच्याकडचा माणूस आपसूक मार्क वाढवतो! जर्मनीच्या बव्हेरियातल्या गव्हाच्या बीअरमध्ये तो वास शोभतो, इथे ठळक आला तर बीअर आंबवणारं यीस्ट भरकटलं असं समजा. इथे मनुका, काळे खजूर चालतील. उलट कच्च्या केळ्याची ओळख मात्र फार कामाची आहे. कच्चं केळं चावल्यावर जीभ जशी आवळते तसं झालं तर पिंपातलं टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट अंश, जास्त उतरलंय. थोडा तुरटपणा हवा, फळी चाटल्यासारखं लागता कामा नये.

आंबूस लागली तर “परदेशी आहे, अशीच असेल” म्हणून गप्प बसू नका. जुन्या लाकडात जिवाणू टिकतात आणि मोठमोठ्या ब्रुअरीजच्या बॅरल-बीअरही त्यांनी आंबवल्या आहेत. याउलट फेस कमी म्हणून लगेच शिळी ठरवू नका. एवढ्या अल्कोहोलमध्ये फेस टिकत नाही, बुडबुडेही कमीच असतात. पण आधी ग्लास बघा, भांड्याच्या साबणाचा अंश राहिला तरी फेस मरतो. स्टीलचा ग्लास तर नकोच. तोंडाशी निमुळता, काचेचा हवा.

शेवभाजी नंतर. तिखटाने पेटलेल्या जिभेवर अल्कोहोल दुप्पट झोंबतं. मध्ये तोंड पुसायला ज्वारीची कोरी भाकरी आणि साधं पाणी.

मार्क देताना

अमेरिकेतल्या बीजेसीपी या परीक्षक संस्थेचा कागद ५० गुणांचा आहे. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकूण मताला १०. दिसण्याला फक्त ३, हे ध्यानात ठेवा, कारण काळ्या रंगावर आपण फार भाळतो. आणि लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. बाटली आणणारा भाऊ “कशी आहे? भारी ना?” म्हणाला की खेळ संपला, पाहुण्याला नाही कोण म्हणणार?

प्यायलेला ग्लास लगेच धुऊ नका. अर्ध्या तासाने रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. अल्कोहोल उडालेलं असतं आणि लाकूड तेवढं उरतं. दुसऱ्या बाटलीच्या रात्री मी ते विसरलो. सकाळी आईने ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि विचारलं, “यात गूळ जाळला होता का रे?” आयुष्यात दारूला हात न लावलेली बाई. आमच्या पाचही कागदांवर तो शब्द नव्हता. मी माझ्या कागदावर वासाच्या रकान्यात तो लिहून टाकला.