लीगमध्ये कॅप्टन झालात? आधी हेडसेटमधली गर्दी कमी करा

काउंटर-स्ट्राइक २ च्या एका हौशी ऑनलाइन लीगमध्ये मी सलग चार हंगाम कॅप्टन आहे. हा पाच विरुद्ध पाच जणांचा नेमबाजीचा गेम: टेररिस्ट ए किंवा बी यांपैकी एका जागेवर, म्हणजे साइटवर, बॉम्ब लावायला बघतात, समोरचे पाच त्यांना अडवतात. पहिल्या हंगामात आम्ही तळाला होतो, गेल्या हंगामात वरच्या गटात पोचलो. मधल्या काळात आमच्यातल्या कुणाचा नेम फारसा सुधारला नाही. सुधारलं ते आमचं एकमेकांशी बोलणं. म्हणून सुरुवात कुठून करू, असं एखादा नवा कॅप्टन विचारतो तेव्हा मी त्याला डावपेचांची वही नंतर उघडायला सांगते.

आमच्याकडे नव्याने आलेला एक जण बरीच वर्षं डस्ट २ हा नकाशा खेळलेला होता. डस्ट २ वर 'शॉर्ट' म्हणजे ए साइटकडे जाणारी वाट. मिराज या दुसऱ्या नकाशावर 'शॉर्ट' मिडमधून, म्हणजे मधल्या भागातून, बी साइटकडे जातो, आणि आमच्यातले दोघं त्यालाच 'कॅट' म्हणायचे. मिराजवर बचाव करताना ओरड झाली, "शॉर्टवर दोन!" तो सवयीने बी सोडून ए कडे पळाला. फेरी गेली, दोघं त्याच्यावर तुटून पडले. पण चूक माझी होती. नावं ठरवून घेणं कॅप्टनचं काम, आणि मी ते केलं नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही पाचही जण रिकाम्या सर्व्हरवर मिराज नुसता चालून काढला. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं, एकच नाव पक्कं करायचं, बाकीची नावं बाद. एक तास लागला. नंतर प्रत्येक नकाशावर आम्ही हेच केलं आणि आजही नवा खेळाडू आला की पहिल्या दिवशी हेच करतो.

२०२२ च्या अँटवर्प मेजरमध्ये, म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, फेझ क्लॅन हा व्यावसायिक संघ जिंकला तेव्हा कॅप्टन कॅरिगनच्या हाताखालचे खेळाडू आठवा. डेन्मार्क, नॉर्वे, कॅनडा, एस्टोनिया आणि लाटव्हिया, पाच जण पाच देशांचे. अशा संघात लांबलचक वाक्यांना जागाच नसते. मोजके, ठरलेले शब्दच तिथे चालतात. आपण पाचही जण एकच भाषा बोलतो म्हणून आपल्याला ही शिस्त नको, असं मुळीच समजू नका. उलट सगळ्यांना सगळं कळतं, म्हणून सगळेच बोलत सुटतात.

आमचा दुसरा नियम मेलेल्या माणसाचा. मेलात की एकच वाक्य: कुठे, किती, कुणाला किती लागलं. "पॅलेस, दोघं, एकाला ऐंशी." पुढे गप्प. कसा मेलो, तो तिथे कसा आला, माझी गोळी लागली होती, यातलं काही नाही. एकटा उरलेला खेळाडू पावलांचे आवाज ऐकत असतो, तेव्हा चार जणांची हळहळ त्याच्या कानात नको. त्या वेळी फक्त एकाने बोलायचं, आणि तेही वेळेबद्दल. बॉम्ब लावल्यापासून ४० सेकंदांत फुटतो. निकामी करायला किट असेल तर ५ सेकंद लागतात, नसेल तर १०. हा हिशेब सांगणारा माणूस सामन्याआधीच नेमून ठेवा. आमच्याकडे हे काम माझं नाही, आमच्या सर्वांत शांत खेळाडूचं आहे.

कॅप्टनचं खरं बोलणं फेरी सुरू होण्याआधीच्या पंधरा-वीस सेकंदांत होतं. तेवढ्यात काय विकत घ्यायचं, काय करायचं आणि ते फसलं तर काय, एवढंच सांगा. इन्फर्नो नकाशावर मी म्हणते, "बनाना घेऊ, दोन स्मोक राखा, ४० सेकंद उरले की ए." (बनाना म्हणजे बी कडची वाट, स्मोक म्हणजे धुराचा बॉम्ब.) यापेक्षा लांब सूचना गोळी चालली की कुणाच्या लक्षात राहत नाही. फेरी मध्यात आली की ज्याला शत्रू दिसतोय त्याचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचढ, हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवलंय. माझ्या पडद्यावर नकाशाचा एकच तुकडा असतो.

आता खेळातला पैसा. नवे कॅप्टन सर्वांत जास्त फेऱ्या इथे घालवतात, म्हणून आकड्यांनिशी सांगते. पिस्तुलाच्या पहिल्या फेरीत प्रत्येकाकडे ८०० डॉलर. ती हरलात की १९०० मिळतात. दुसऱ्या फेरीत काही न घेता हरलात तर आणखी २४००, म्हणजे हातात ४३००. एके-४७ ला २७०० आणि हेल्मेटसह जॅकेटला १००० लागतात, तरी ६०० उरतात. स्मोक ३०० चा, डोळे दिपवणारा फ्लॅश २०० चा. म्हणजे तिसऱ्या फेरीत पाचही जण नीट सज्ज. पण दुसऱ्या फेरीत चिडून सगळे पैसे उडवले आणि हरलात, तर तिसऱ्या फेरीला हातात साधारण २४०० च. चिडून केलेल्या एका खरेदीची किंमत बहुतेक वेळा दोन फेऱ्या असते.

यातली सर्वांत घातक गोष्ट म्हणजे अर्धी खरेदी: तिघांनी रायफल घेतली, दोघांनी पैसे राखले. ती फेरीही जाते आणि पुढचीही. म्हणून खरेदीचा निर्णय एकट्या कॅप्टनचा, त्यावर चर्चा नाही. मी आधी सर्वांत गरीब खेळाडूचे पैसे बघते. त्याला कुणी रायफल घेऊन देऊ शकत असेल तर पूर्ण खरेदी, नसेल तर सगळ्यांनी राखायचे. ४७५० ची एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल तर सगळ्यांना पुरून उरत असेल तेव्हाच. आणखी एक बारकावा अनेकांना माहीत नसतो: बॉम्ब न लावताच वेळ संपली आणि तुम्ही टेररिस्ट म्हणून जिवंत राहिलात, तर हरल्याचे पैसे मिळत नाहीत. बंदूक वाचवायला लपून बसण्याआधी हा हिशेब करा.

टाइमआउटबद्दल एक सामना मी विसरू शकत नाही. आम्ही ११-५ ने पुढे होतो. जिंकायला १३ लागतात, म्हणजे फक्त दोन फेऱ्या. सलग आठ हरलो. ११-१३. माझे सगळे टाइमआउट शिल्लक होते. मला दर वेळी वाटत राहिलं की पुढची नक्की आपली. पूर्ण खरेदी करून सलग दोन फेऱ्या गेल्या की आता मी थांबवते, आघाडी कितीही असो. त्या अर्ध्या मिनिटात नवा डाव शिकवायचा नाही. पहिले दहा सेकंद कुणीच बोलायचं नाही, मग मी एक गोष्ट बदलते. बहुतेक वेळा कोण कुठे उभा आहे, एवढंच.

मॅप व्हेटोची, म्हणजे सामन्याआधी दोन्ही संघ नको ते नकाशे बाद करतात त्याची, तयारी आदल्या रात्रीच करा. एक नकाशा कायमचा बाद ठेवा, दोन घरचे, म्हणजे सर्वांत सरावाचे, असू द्या. सातही नकाशांवर बरं खेळण्याच्या नादात आम्ही पहिला हंगाम वाया घालवला. नियमावली स्वतः वाचा: उशिरा येण्याची मुदत किती, राखीव खेळाडूची नोंद कधीपर्यंत, सर्व्हर कोण निवडणार, मध्येच कुणाचं नेट गेलं तर काय. सरावाची वेळ ठरवताना "कधी जमेल?" असं विचारू नका, पाच जणांची पाच उत्तरं येतात. दोन वेळा द्या आणि त्यातली एक निवडायला सांगा.

हरलेल्या सामन्याचा डेमो, म्हणजे त्याचं रेकॉर्डिंग, दुसऱ्या दिवशी बघा, त्याच रात्री नाही. सगळा तर मुळीच नको. मी दोनच फेऱ्या निवडते, आणि पहिली नेहमी माझी चूक असलेली. कॅप्टनने स्वतःची चूक आधी दाखवली की बाकीचे आपली लपवत नाहीत.

एखाद्याला संघातून काढायची वेळ येतेच. एकदा मी ते गटात संदेश टाकून केलं होतं. तो मुलगा दीड वर्षं आमच्यासोबत खेळला होता आणि त्याला हे बाकीच्यांसोबतच कळलं. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. आता मी आधी त्या खेळाडूला एकट्याला बोलावते, व्हॉइस चॅटवर. कारण सांगते, त्याचं पूर्ण ऐकून घेते, आणि दुसरा संघ शोधायला मदत करते. राहिलेल्या चौघांना त्यानंतर सांगते, तेही तो हो म्हणेल तेव्हा.