युरोपातल्या कामगार युनियनचे कागद सोलापूरच्या टॉवेल कामगारानं कसे वाचायचे आणि कसे वापरायचे

अक्कलकोट रोड एमआयडीसीत नाहीतर चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात कामाला असाल, किंवा युनियनचं काम बघत असाल तर ब्रुसेल्सात, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार चालतो तिथं, काय ठरतंय त्याच्याशी आपला काय संबंध असं वाटणारच, पण संबंध आहे आणि थेट मजुरीशी आहे. आपला माल तिकडं जातो, आणि तिथल्या कामगार संघटना आपल्यासारख्यांची मजुरी, युनियन करायचा हक्क, आगीपासून बचाव यासाठी तिथल्या सरकारांकडं मागण्या करत असतात. या मागण्यांचे कागद नेटवर फुकट मिळतात, इंग्रजी जमत नसेल तर मोबाईलवर ट्रान्सलेट करून कामापुरतं कळतं.

आधी कागद कुणाचा आहे ते बघायचं. ईटीयूसी म्हणजे युरोपातल्या देशोदेशींच्या कामगार महासंघांची एकत्र संघटना, १९७३ ला स्थापन झालेली, ऑफिस ब्रुसेल्सला. जर्मनीचा डीजीबी, फ्रान्सची सीजीटी, इटलीची सीजीआयएल असे सगळे तिच्यात आहेत. कापड, स्टील, केमिकल असल्या उद्योगांसाठी इंडस्ट्रीऑल युरोप वेगळी, आणि जगभरची इंडस्ट्रीऑल अजून वेगळी, ती जिनिव्हाला. पण सगळ्यांचं मत एकच असतंय असं धरून चालू नका. २०२२ ला किमान वेतनाचा युरोपियन कायदा आला तेव्हा ईटीयूसी त्याच्या बाजूनं होती आणि स्वीडन-डेन्मार्कच्या युनियन विरोधात होत्या, कारण त्यांच्याकडं पगार कायद्यानं ठरतच नाही, युनियन आणि मालक बसून ठरवतात, त्यात सरकारनं हात घालू नये असं त्यांचं म्हणणं. डेन्मार्क सरकार कोर्टात गेलं, नोव्हेंबर २०२५ ला निकाल लागला, काही कलमं उडाली पण बहुतेक कायदा टिकला. त्याच कायद्यात एक गोष्ट आहे जी आपल्या प्रत्येक मीटिंगमध्ये वाचून दाखवावी असं मला वाटतं, ती म्हणजे ज्या देशात ८० टक्क्यांपेक्षा कमी कामगार सामूहिक कराराखाली येतात त्या देशानं ते प्रमाण वाढवायचा आराखडा करायचा. आपल्याकडं पावरलूमवर सामूहिक करार कितीजणांना लागू आहे ते आपल्याला माहितीच आहे.

दुसरं बघायचं ते कायद्याची गाडी कुठल्या स्टेजला आहे. कामगारांविषयी कायदा करायचा तर युरोपियन कमिशनला, म्हणजे युरोपियन युनियनच्या सरकारासारख्या यंत्रणेला, आधी कामगार युनियन आणि मालक संघटना दोघांना दोन वेळा विचारावं लागतं, तसं युरोपियन युनियनच्या मूळ करारातच लिहिलंय, कलम १५४. मग कमिशनचा प्रस्ताव, मग संसद आणि सरकारांची कौन्सिल, मग डायरेक्टिव्ह म्हणजे सगळ्या देशांसाठीचा युरोपियन कायदा, आणि त्यानंतर प्रत्येक देश आपापला कायदा करणार. युनियनचा पोझिशन पेपर, म्हणजे तिची भूमिका मांडणारा कागद, यातल्या कुठल्याही टप्प्यावरचा असू शकतो, त्यामुळं तारीख बघितल्याशिवाय "युरोपात कायदा झाला" म्हणून व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करू नका, कामगारांना खोटी आशा लागते. आणि मालकांची बिझनेसयुरोप म्हणून संघटना आहे, तिचा त्याच विषयावरचा कागद शेजारी ठेवून वाचा, भांडण नेमकं कुठल्या ओळीवर आहे ते लगेच कळतं.

आपल्या कामाचा विषय म्हणजे सप्लाय चेनचा कायदा. मोठ्या कंपन्यांनी माल जिथं बनतो तिथले कामगार हक्क तपासायचे, अशी डायरेक्टिव्ह २०२४ ला झाली. कुठल्या कंपनीला लागू याची मूळ हद्द १,००० कामगार आणि ४५ कोटी युरो उलाढाल होती. फेब्रुवारी २०२५ ला कमिशननं "सोपं करतो" म्हणत ऑम्निबस म्हणजे अनेक कायदे एकदम बदलणारा प्रस्ताव आणला, ईटीयूसीनं विरोध केला, तरी वर्षाअखेरच्या तडजोडीत हद्द ५,००० कामगार आणि १५० कोटी युरोवर गेली आणि तारीखही पुढं ढकलली. म्हणजे कितीतरी खरेदीदार त्यातून सुटले. हे मला चूक वाटतं आणि आपल्या युनियननंही तसं लिहून कळवावं.

पण तोपर्यंत जर्मनीचा स्वतःचा कायदा आहे, २०२३ पासूनचा, २०२४ पासून तो जर्मनीत १,००० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना लागू आहे. तिथल्या सरकारनं २०२५ ला त्यातली अहवालाची सक्ती काढायचं ठरवलं, तरी तक्रारीची सोय कामाची आहे. कंपनीला तक्रार कशी करायची ते जाहीर करावं लागतं, नाव गुप्त ठेवावं लागतं, तक्रार केली म्हणून त्रास होऊ नये हेही बघावं लागतं. कंपनीनं दाद दिली नाही तर बाफा म्हणून सरकारी खातं आहे, त्यांच्याकडं जाता येतं.

सुरुवात पॅकिंगपासून करा. टॉवेलच्या लेबलवर किंवा पॅकवर ब्रँड आणि युरोपातला पत्ता असतो, डिसेंबर २०२४ पासून तिकडच्या प्रॉडक्ट सेफ्टीच्या नियमात तो द्यावाच लागतो. पॅकिंगला असलेल्या ताईंना कुठलं लेबल कधी लागलं ते सुपरवायझरपेक्षा जास्त माहिती असतं, त्यांना विचारा. लेबल, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, पीएफचा मेसेज, बाहेर पडायच्या बंद दरवाज्याचा फोटो, सगळ्यावर तारीख पाहिजे. आपला कारखाना खरेदीदाराला थेट माल देत नसेल, मधे एक्सपोर्टर असेल, तर जर्मन कायद्यात कंपनीवर जबाबदारी तेव्हाच येते जेव्हा तिला गैरप्रकाराची ठोस माहिती मिळालेली असते. म्हणून तुमचं पुराव्यासकट पत्र गेलं की "आम्हाला माहिती नव्हतं" हे म्हणायची सोय त्यांना राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तक्रार केली की ऑर्डर जाईल आणि दोनशे घरांच्या चुली बंद होतील, ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. त्यामुळं पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहायचं की ऑर्डर काढून घेऊ नका, दुरुस्ती करा, त्यासाठी मुदत द्या, आणि जास्तीचा खर्च येणार असेल तर भावात धरा. जर्मन कायद्यातही धंदा तोडणं हा शेवटचा उपाय आहे आणि युरोपातल्या युनियनही हेच म्हणतात, तेव्हा त्यांच्या कागदातली ती ओळ तारखेसकट पत्रात टाका.

आगीचा मुद्दा वेगळ्या पत्रात घ्या. १८ मे २०२५ ला आपल्याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जीव गेले. २०१३ ला राणा प्लाझा कोसळून १,१०० च्या वर माणसं गेली, त्यानंतर बांगलादेशात ब्रँड आणि युनियनमध्ये अ‍ॅकॉर्ड नावाचा बंधनकारक करार झाला, पुढं तो २०२३ ला पाकिस्तानातही गेला. भारतात तो नाही. तो इथं आणा, ही मागणी सोलापुरातून जायला पाहिजे.

पत्र पाठवायचं कुणामार्फत, तर आपली युनियन कुठं जोडलेली आहे ते आधी बघा. हिंद मजदूर सभा, इंटक, सेवा या आयटीयूसी या जागतिक संघटनेत आहेत, ईटीयूसीचं तिच्याशी जवळचं काम चालतं. आयटक आणि सिटू डब्ल्यूएफटीयू या दुसऱ्या जागतिक संघटनेत आहेत, त्यामुळं लाल बावट्याच्या लोकांना थेट खरेदीदाराच्या देशातल्या युनियनला लिहावं लागेल, आणि लिहावं, झेंड्यावरून अडून बसू नये. जर्मन कायद्यात तिथली युनियन परदेशी कामगाराच्या वतीनं कोर्टात उभी राहू शकते, फक्त त्या कामगाराची संमती आणि मुद्दा जिवावरचा किंवा तेवढाच गंभीर पाहिजे.

अजून एक, सरकारी खरेदी. युरोपात सरकारी खरेदी जीडीपीच्या जवळजवळ १४ टक्के आहे, त्यात दवाखान्यांचे टॉवेल-चादरी पण आल्या. सरकारी कंत्राट सामूहिक करार पाळणाऱ्या कंपनीलाच द्या, अशी ईटीयूसीची मागणी आहे. तुमचा माल कुठल्या दवाखान्याला जातोय असं कळलं तर त्या गावच्या युनियनला लेबलचा फोटो पाठवा.

पत्र इंग्रजीत दोन पानांच्या आत ठेवा, कामगारांची नावं टाकू नका, ईमेल युनियनच्या आयडीवरून करा, पोच आली की प्रिंट काढून फाईलला लावा आणि महिन्याभरात उत्तर नाही आलं तर तीच पोच जोडून परत लिहा.