पाळीचा त्रास वाढलाय: दवाखान्यात जायचं की थांबायचं, हे कसं ठरवावं

आमच्या बीड-जालना-परभणीच्या पट्ट्यात बाई पाळीचा त्रास सांगायला दवाखान्यात जात नाही, ती काही फक्त लाजेपायी नाही. "गेलं की गर्भाची पिशवी काढा म्हणतात," ही धास्ती तिच्या मनात बसलेली असते. ती उगाच बसलेली नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये उजेडात आलं आणि सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पण त्याच धास्तीने बाया महिनोन् महिने त्रास अंगावर काढतात आणि रक्त पार कमी झाल्यावर त्यांना उचलून आणायची वेळ येते. म्हणून आधी एवढं मनात पक्कं करा की डॉक्टरला दाखवणं वेगळं आणि ऑपरेशनला हो म्हणणं वेगळं. दाखवायला गेलात म्हणून तुम्ही कशालाच बांधल्या जात नाही.

आधी लिहायला लागा

भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा खाडा मांडता ना, त्याच चौकोनात पाळीही मांडा. आली त्या दिवशी एक खूण, थांबली त्या दिवशी दुसरी. मधल्या प्रत्येक दिवशी पॅड किंवा कापड किती वेळा बदललं तो आकडा. रक्ताच्या गाठी पडल्या तर "गा", दुखण्याने काम सोडून आडवं व्हावं लागलं तर "दु". लिहिता येत नसेल तर शाळेतल्या लेकीकडून मांडून घ्या. तिलाही वळण लागेल.

ताळा कशाशी घ्यायचा? पाळी साधारण 21 ते 35 दिवसांनी येते आणि दोन ते सात दिवस राहते. पण त्याहून मोठा ताळा तुमच्या स्वतःच्या जुन्या पाळीचा. सासूबाई म्हणतील, "आम्हाला तर दहा-दहा दिवस जायचं, कोण गेलं डॉक्टरकडे?" जाऊबाई म्हणतील, "मला तर काहीच होत नाही." दोघींचंही ऐकून सोडून द्या. तुम्हाला दोन वर्षांपूर्वी चार दिवस जायचं आणि आता आठ दिवस जातं, हा बदलच डॉक्टरला हवा असतो.

एक गोष्ट मात्र नक्की लिहा. महालक्ष्म्यांसाठी किंवा लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल, तर कोणत्या तारखेपासून किती दिवस घेतली ते. या गोळ्यांनी पुढची पाळी मागेपुढे होऊ शकते. डॉक्टरला ते माहीत नसेल तर सगळं निदान भलतीकडे जातं. तांबी बसवलेली असेल तर तीही सांगा, तांबीने रक्तस्राव आणि दुखणं वाढू शकतं.

पण काही वेळा लिहीत बसायचं नाही

तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि दोन तास झाले तरी तेच चालू आहे. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, चक्कर येते, छातीत धडधडतं. पोटात जोराची कळ आणि सोबत ताप, घाण वासाचा स्राव. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी जायचं. रात्र असेल तर रात्री, 108 ला फोन करून. "पाळीत कसं दाखवायचं" म्हणून थांबू नका; डॉक्टर आणि सिस्टर हे रोज बघतात.

पाळी चुकलेली आहे, पोटात एका बाजूला दुखतंय आणि थोडं थोडं रक्त जातंय, तर याला सगळ्यात जास्त भ्या. गर्भ नळीत अडकलेला असू शकतो आणि नळी फुटली तर तास-दोन तासांत जीवावर बेततं. आपल्याकडे बऱ्याच जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन पंचविशीच्या आतच झालेलं असतं, त्यामुळे दिवस राहिले असतील हे घरात कुणाच्या डोक्यातच येत नाही. ऑपरेशननंतरही क्वचित दिवस राहतात, आणि राहिले तर ते नळीत असण्याची भीती जास्त.

येत्या आठवड्या-पंधरवड्यात कधी जायचं

सात दिवसांच्या वर जातंय, रात्री उठून बदलावं लागतंय, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतायत, तर पुढच्या पाळीची वाट बघू नका. दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसतंय किंवा संबंधानंतर दिसतंय, तेही तसंच. ही दुसरी गोष्ट बाया नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत. पण गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर सापडायचा असेल तर ती सांगायलाच हवी.

पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा डाग दिसला, अगदी एकदाच, तरी दाखवायचं. "उष्णता झाली असेल" म्हणून सब्जा पीत बसायचं नाही.

दुखण्याचं माप असं धरा. नेहमीची गोळी घेऊनही दुखणं थांबत नाही, दर महिन्याला वाढत जातंय, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं, तर ते "बाईच्या जातीला असायचंच" म्हणून सोडायचं नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांना सगळे एकच सांगतात, "पाळी जायच्या वयात होतंच असं." त्या वयात पाळी मागेपुढे होते, हे खरं. पण पूर आल्यासारखं जात असेल तर तपासणी हवीच. वयात आलेल्या मुलींची पाळी पहिली दोन-तीन वर्षं अनियमित राहते, त्याने घाबरू नका. मात्र पहिल्या पाळीपासूनच लेकीला भरपूर जात असेल, ती फिकट पडत असेल, तर रक्त गोठण्यात काही दोष आहे का हे बघायला सांगा.

यातलं काहीच नसेल, एखादी पाळी चार-पाच दिवस पुढे गेली, एखादीत थोडं जास्त गेलं, तर आणखी दोन महिने लिहीत राहा आणि थांबा.

कुठे जायचं, काय सांगायचं

पहिला थांबा प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. आशाताईला सोबत घ्या, नाहीतर जावेला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथून पुढे पाठवलं तर जिल्हा रुग्णालय, नाहीतर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, लातूर-नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं.

"अंगावर जातंय" एवढंच सांगू नका, कारण त्यात पांढरंही आलं आणि लालही. कॅलेंडरचं पान पुढे करा. हिमोग्लोबिन करून मागा; 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 8 च्या खाली म्हणजे गंभीर. लघवीची गर्भतपासणी, गरज वाटली तर थायरॉइड आणि सोनोग्राफी, असा साधारण क्रम असतो. पोटावरून सोनोग्राफी करताना लघवी तुंबलेली लागते, म्हणून पाण्याची बाटली घरूनच न्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने हे सगळं दसऱ्याआधी उरकावं. फडात खाड्याचे पैसे कापले जातात म्हणून तिथे दवाखाना होत नाही. श्रावणापासून तारखा मांडल्या तर निघेपर्यंत तीन पाळ्यांचा हिशेब हातात असतो. रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या. उद्या सांगली-कोल्हापूरकडे दाखवायची वेळ आली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आणि "पिशवी काढा" म्हटलं तर

तिथल्या तिथे हो म्हणू नका, नाही म्हणून निघूनही येऊ नका. विचारा: आजाराचं नाव काय? गोळ्यांनी काय होऊ शकतं? थांबले तर काय होईल? अंडाशय ठेवणार की काढणार? जास्त रक्तस्रावावर रक्त थांबवायच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबी आहे, आणि काही जणींमध्ये पिशवीतली नुसती गाठ काढता येते. फक्त पांढरं जातं म्हणून पिशवी काढत नाहीत. "नाही काढली तर कॅन्सर होईल" असं कुणी म्हटलं तर तुकडा तपासलेला रिपोर्ट मागा. तरुण वयात अंडाशयही काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि कोयता ज्या हातांनी चालवायचा त्या हातांना ते परवडत नाही.

कधी कधी पिशवी काढणं खरंच गरजेचं असतं. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, कोणत्याच औषधाला दाद मिळत नसेल. म्हणून कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे, शक्यतो सरकारी दवाखान्यात, एकदा जाऊन या. रक्त फार जात नसेल तर तेवढ्या चार-आठ दिवसांनी सहसा काही बिघडत नाही.

लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून बंद करू नका. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही डॉक्टर म्हणतील तितके महिने, बहुधा आणखी तीन, चालू ठेवा. कॅलेंडरातल्या खुणाही चालूच राहू द्या. उपचार घेऊन तीन पाळ्या झाल्या आणि आकडे खाली आले नाहीत, तर तेच पान घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरपुढे जाऊन बसा.