पहाटे दोनच्या शोची तयारी

अमेरिकेत कॉलेज रेडिओवर नवख्याच्या वाट्याला पहाटेची वेळ येते. मला पहिल्याच सत्रात मिळाली ती रविवारी पहाटे २ ते ५, आणि पुढे चांगली वेळ देऊ केली तरी मी ती सोडली नाही. यंदा तिकडे शिकायला गेलेल्यांपैकी जे कुणी स्टेशनचं ट्रेनिंग संपवून पहिल्या शोची वाट बघत असतील, त्यांच्यासाठी ही तयारी. पगार नाही, झोप नाही, किती जण ऐकतात ते कधी कळत नाही, तरी धावपळ लग्नघरासारखी असते.

आठवडाभर आधी एका प्रश्नाचा निकाल लावून टाक. कॉलेज रेडिओवरच्या संगीताला ऑल्टरनेटिव्ह म्हणतात, म्हणजे नक्की कशाऐवजी? १९८० च्या दशकात याला सोपं उत्तर होतं. व्यापारी स्टेशनं ज्याला हात लावत नसत ते कॉलेजची पोरं लावायची. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावातला आर.ई.एम. हा बँड असाच कॉलेज स्टेशनांच्या खांद्यावर बसून देशभर गेला. त्यांचा पहिला पूर्ण अल्बम १९८३ चा. मग १९९१ मध्ये ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला, अफाट खपला, आणि बघता बघता ऑल्टरनेटिव्ह ही व्यापारी स्टेशनांच्याच पाटीवरची जात झाली. त्यामुळे आज त्या नावाची तयार प्लेलिस्ट उचललीस, तर हाती येईल तो गेल्या तीस वर्षांचा राजमार्ग. आपल्याकडे पूल दुरुस्तीला काढला की ‘पर्यायी मार्ग’ अशी पाटी ठोकतात ना, तसं हे बघ. तो रस्ता कुणाच्या तरी गावचा रोजचाच असतो, आपल्याला तिकडून वळवलं म्हणून तो पर्यायी. माझी कसोटी एवढीच होती: आपल्या टॉवरच्या टप्प्यात हे गाणं आणखी कुठे ऐकू येतं का? येत असेल तर बाजूला ठेवायचं. गाणं वाईट असतं असं नाही, पण त्याची सोय लागलेली असते.

मग लायब्ररीत जाऊन बस, एकदा नाही, दोन-तीनदा. फोनवर गाणी शोधणं घरी बसूनही होतं, पण स्टेशनच्या मांडणीतल्या रेकॉर्डी आणि सीड्या हा तिथल्या पोरांचा चाळीस-पन्नास वर्षांचा सामायिक संसार आहे. बऱ्याच कव्हरांवर चिकटवलेली चिठ्ठी असते: कोणती गाणी धरायची, कुणासारखं वाजतं, कोणत्या क्रमांकाच्या गाण्यात शिव्या आहेत. आमच्याकडे एका चिठ्ठीवर कुणीतरी ‘कंटाळवाणं’ असं लिहिलं होतं, त्याखाली वेगळ्या शाईत ‘तुझ्यापेक्षा बरं’, आणि त्याखाली तिसऱ्याच अक्षरात ‘दोघेही चूक, दुसरी बाजू ऐका’. मी दुसरी बाजू ऐकली, आणि तिसरं अक्षर बरोबर होतं. अशा भांडणाच्या रेकॉर्डी आधी काढ. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे ते बहुतेक वेळा नुसतं बरं असतं.

नव्या आलेल्या अल्बमांचा वेगळा कप्पा असतो, आणि दर तासाला त्यातली ठरावीक गाणी लावावीच लागतात. किती, ते म्युझिक डायरेक्टरला (म्हणजे स्टेशनची गाणी निवडणाऱ्याला) आधी विचार. याला शिक्षा समजू नकोस. त्याच निमित्ताने माझ्या कानांना नवं वळण लागलं, एरवी मी वर्षभर माझ्याच आवडीच्या वीस बँडांभोवती घिरट्या घातल्या असत्या. शिवाय गावातल्या एखाद्या तरी बँडचं काहीतरी काढून ठेव, तळघरात रेकॉर्ड केलेलं असलं तरी चालेल. पहाटे तीनला आपलं गाणं लागलेलं ऐकून धावत खाली येऊन स्टुडिओची काच वाजवणारा ड्रमर मी पाहिला आहे.

आकडेमोड कागदावर कर. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. बोलणं, सार्वजनिक सूचना, स्टेशनच्या जिंगल्स यांत वीस-पंचवीस मिनिटं जातात. उरलेल्यात सरासरी चार मिनिटांची गाणी धरली तर चाळीसच्या आसपास लागतात. साठ घेऊन जा. पंक लावायचं असेल तर ऐंशी, कारण ती मंडळी दोन मिनिटांत काम आटोपून घरी जातात आणि तू अजून पुढची रेकॉर्ड कव्हरातून काढत असतेस.

यादी करताना दोन कायदे जवळ ठेव. स्टेशनचं प्रसारण इंटरनेटवरही जात असतं, आणि त्या प्रवाहाला अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याची मोजदाद लागू होते: तीन तासांत एका अल्बममधली जास्तीत जास्त तीन गाणी, त्यांतली सलग दोनच, एका कलाकाराची जास्तीत जास्त चार, सलग तीन. पुढे कोणकोणती गाणी लागणार ते आधी जाहीरही करायचं नाही. म्हणजे लाडक्या बँडवर तीन तासांचा सप्ताह लावायची हौस परवानगी विचारल्याशिवाय नको. दुसरा कायदा शिव्यांचा. एफसीसी या अमेरिकेच्या सरकारी प्रसारण नियामकाच्या नियमात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात असभ्य भाषेला सवड आहे. खऱ्या अर्थाने अश्लील म्हणता येईल ते मात्र कोणत्याही वेळी बंद. पण ती सवड स्टेशनने तुला दिली आहे का, हे वेगळं विचार, कारण पुष्कळ स्टेशनं पहाटेही हात आखडता ठेवतात. परवाना अव्यापारी असतो, तेव्हा पैसे घेऊन कुणाच्या दुकानाचं ‘या, विकत घ्या’ म्हणणं तर नाहीच.

आता खरं काम, आणि इथे वेळ घालव. गाणी निवडणं सोपं आहे, सांधा जुळवणं अवघड. घरी प्रत्येक गाण्याची फक्त शेवटची पंधरा सेकंदं आणि पुढच्याची पहिली पंधरा ऐक. मधलं सगळं आपल्याला माहीतच असतं. एक गाणं हळूहळू विरत जात असेल आणि पुढचं धाडकन ढोलाने सुरू होत असेल, तर पहाटे तीनला गाडी चालवणारा माणूस दचकतो. कधी कधी तेच हवं असतं, पण ते ठरवून झालेलं असावं. तीन-चार गाण्यांचा गुच्छ बांध, मग बोल. गुच्छातली गाणी एकाच चेहऱ्याची नकोत, पण एका धाग्याची हवीत. धागा कसलाही चालतो. सगळ्यांत गायक कुजबुजतो, सगळ्यांत कुठेतरी तेच बिघडलेलं ऑर्गन आहे, किंवा सगळे कारखाने बंद पडलेल्या गावांतले आहेत. श्रोत्याला तो धागा सांगायची गरज नाही. दर वेळी सांगितलास तर शाळा होते.

माझा आवडता सांधा सांगते. मुंबईचे चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे. १९८२ साली त्यांनी सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून एक रेकॉर्ड काढली. त्यात रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र आहे. कंपनीने ते बेस गिटारवाला नसेल तेव्हा त्याची जागा भरायला म्हणून बनवलं होतं, आणि ते फारसं चाललं नाही. रेकॉर्डही विस्मरणात गेली, ती २०१० मध्ये पुन्हा निघाली. इकडे शिकागोत फ्यूचर या मंडळींनी तेच यंत्र भलतीकडे पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ केला, तो बाहेर आला १९८७ ला. या दोन गोष्टी पाठोपाठ लाव. माइकवर ‘हे आमच्याकडे आधी झालं’ असं छाती काढून सांगू नकोस, याने त्याचं उचललं असा काही प्रकार नाही. यंत्राचं नाव, दोन शहरं आणि दोन सालं एवढंच सांग. बाकी श्रोता बघून घेतो. शो पाचला संपत असेल तर त्याच रेकॉर्डमधला ललित शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेव. दोन्ही मध्यमांचा तो राग त्याच वेळेचा आहे, आणि यंत्रावर वाजला तरी बाहेरच्या काळोखाला बरोबर लागतो.

यावरून आणखी एक. स्टेशनवर कुणीतरी प्रेमाने सुचवणारच की तू ‘वर्ल्ड’चा, म्हणजे देशोदेशीच्या संगीताचा शो कर, इंडियाचं संगीत लाव. करावंसं वाटत असेल तर जरूर कर. पण आपण तिथे देशाचे वकील म्हणून बसलेलो नाही. मी पहिले दोन महिने हट्टाने एकही भारतीय गाणं लावलं नाही, तोही वेडेपणाच होता. पोलंडचं एक, गावातलं एक, आपलं एक, असं मांडीला मांडी लावून बसलं की कुणीच पाहुणा उरत नाही.

बोलायचं काय, याची टिपणं कर, भाषण लिहू नकोस. गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, लेबल (म्हणजे रेकॉर्ड कंपनी), आणि एखादी अशी गोष्ट जी कव्हरावर लिहिलेली नाही. लहानपणी आकाशवाणीवर ‘आपली आवड’ ऐकताना गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं नीट उच्चारलेली ऐकू यायची. ती शिस्त घे, तो सूर नको. जपानी किंवा आइसलँडच्या नावांचे उच्चार आधी ऐकून देवनागरीत लिहून ठेव. रोमन लिपीपेक्षा ती या कामाला कितीतरी पक्की, समोर बसलेल्या अमेरिकन मित्रांना याचा हेवा वाटायचा. आणि उसना अमेरिकन हेल काढू नकोस. पहाटे साडेचारला तो सुटतो, आणि मग एकाच वाक्यात दोन माणसं बोलताहेत असं वाटतं.

आदल्या रात्री पिशवी भर. स्वतःचे हेडफोन, बारीक पिन जाडी करणारा जोड, पेन, पाण्याची झाकणवाली बाटली (मिक्सिंगच्या बोर्डाजवळ उघडा पेला दिसला तर सगळेच अंगावर येतात), स्वेटर, कारण यंत्रांसाठी स्टुडिओ थंड ठेवतात, आणि आवाज न करणारं खाणं. चिवडा नको. दाराचं कार्ड रात्री चालतं का ते शुक्रवारीच तपास. दुपारी झोप काढ.

पावणेदोनला पोहोच. आधीच्या माणसाचं शेवटचं गाणं चालू असताना तुझं पहिलं लावून तयार हवं. माइक तोंडापासून एक मूठ लांब, किंचित तिरका. बोलायच्या आधी हेडफोन घाल, कारण माइक उघडला की खोलीतले स्पीकर आपोआप गप्प होतात आणि नवखा माणूस घाबरून आणखी बटणं दाबतो. रेकॉर्डची सुई पहिल्या आवाजावर आणून तबकडी पाव वळसा मागे फिरव, म्हणजे सुरुवात रडकी येत नाही. आणि वेग बघ, मिनिटाला ३३ फेरे की ४५. मी एकदा ४५ ची बारा इंची रेकॉर्ड ३३ वर लावली. चार मिनिटं कळलं नाही, आणि कळलं तेही एका बाईंनी फोन करून ‘किती सुंदर, कुणाचं आहे?’ असं विचारल्यावर. मी नाव सांगितलं. वेग सांगितला नाही.

दर तासाच्या ठोक्याला, जवळात जवळ गाणं संपेल तिथे, स्टेशनची कॉल साइन (म्हणजे त्याची अक्षरी ओळख) आणि तिला लागून परवान्यावरच्या गावाचं नाव. हे चुकवायचं नाही. ते कागदावर लिहून डोळ्यासमोर चिकटव, कारण पहाटे चारला माणूस स्वतःचंही नाव विसरतो. बोलताना अडखळलीस तर अडखळ, पण शांतता पसरू देऊ नकोस. ठरावीक सेकंदं आवाज गेला नाही तर पुष्कळ ठिकाणी गजर होतो आणि इंजिनिअर अंथरुणातून उठतो. एक दहा-पंधरा मिनिटांचा लांब तुकडा हाताशी ठेव, तो बाथरूमसाठी. मी त्या कामाला एकदा एक विलंबित ख्याल लावला. परत आले तेव्हा गवई अजून मुखडाच घोळवत होते, पण मनाला लागून राहिलं, पुन्हा केलं नाही.

घरच्यांना लिंक पाठवायची असेल तर वेळेचा हिशेब नीट कर. पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटेचे २ म्हणजे आपल्याकडे दुपारचे १२:३०, उन्हाळी वेळेत ११:३०. आमच्याकडे सांगलीला रविवारी त्याच सुमाराला मटण शिजत असायचं. आई तासभर ऐकून मेसेज करायची, ‘तू छान बोलतेस, मधली गाणी कमी कर.’ मार्चच्या दुसऱ्या रविवारी मात्र पहाटे दोनचे एकदम तीन होतात आणि तुझा एक तास हवेत विरतो, त्या दिवशीची यादी वीसेक गाण्यांनी छाट. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तास परत मिळतो, पण तो आधीच्या शोवाल्याला. त्याच्यासाठी कॉफी ने.

गाणी लागतील तशी नोंद करत जा. नाव, कलाकार, अल्बम, लेबल. कलाकारांचे पैसे त्यावरून वाटले जातात, आणि पाचला सगळी आठवून लिहिणं कुणालाच जमत नाही. फोन वाजला तर उचल. बेकरीवाले, रात्रपाळीच्या नर्सेस, झोप न येणारे म्हातारे, हीच आपली मंडळी. फर्माईश पटली तर लाव, नाही पटली तर त्याच्या आसपासचं काहीतरी काढून दे. कुणी नुसताच बोलत राहिला तर पुढचं गाणं लावायचं आहे म्हणून नम्रपणे ठेव, ते खरंच असतं.

पाच वाजता खुर्ची सोडताना फेडर (आवाजाच्या सरकत्या कळा) खाली, आपली पिशवी, आपला कचरा, आणि काढलेल्या रेकॉर्डी ज्याच्या त्याच्या कव्हरात, ज्या त्या जागी. तिसरं अक्षर मला ज्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला घेऊन गेलं, ती पुढच्या सत्रात भलत्याच कव्हरात सापडली. बहुधा मीच घातली होती.