वर्गातला गुप्तहेर तपास कसा रचावा

शाळेची घंटा वाजवायचा लाकडी हातोडा गायब झाला आहे, असं जाहीर करा. घंटाच वाजली नाही तर शाळा सुटणार कशी? तिसरी-चौथीची मुलं एवढ्यावर कामाला लागतात. खून-दरोड्याची काही गरज नाही.

रचना मात्र शेवटाकडून करायची. चोर कोण, हातोडा कुठे आणि का लपवला, हे आधी ठरवा. समजा, चोर ग्रंथालयाच्या बाई: घंटा झाली की मुलं गोष्ट अर्धी टाकून पळतात म्हणून! बाकीचे संशयित शिपाईकाका, खेळाचे सर आणि मुख्याध्यापक. चौघांना आधी विश्वासात घ्या. एखाद्या मुलाला गंमत म्हणूनही चोर करू नका. ते नाव वर्षभर चिकटतं.

प्रत्येक पुराव्याने एकेक संशयित सुटला पाहिजे. पहिलाच पुरावा थेट चोराचं नाव सांगू लागला, तर पाच मिनिटांत खेळ खलास.

पहिला पुरावा पाऊल. घंटेजवळ रांगोळीचा पातळ थर पसरून त्यावर बाईंच्या चपलेचा ठसा उमटवा. मुलं पट्टीने लांबी मोजतील, चौघांच्या चपला-बुटांशी ताडून पाहतील. फक्त शिपाईकाकांचं माप जुळणार नाही असं पाहा. शिपाईकाका सुटले.

दुसरा पुरावा चिठ्ठी: ‘हातोडा विसरा!’ ती काळ्या स्केचपेनने लिहा. संशयितांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची काळी स्केचपेनं असू द्या. बाई आणि मुख्याध्यापक यांच्याकडे मात्र एकच. टीपकागदाच्या पट्ट्यांवर, खालच्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर एकेका पेनाचा ठिपका द्या. चिठ्ठीच्या पेनाची पट्टी तुम्हीच आधी करून ठेवा. पट्टीचं टोक पाण्यात बुडवा, ठिपका पाण्याच्या वरच राहू द्या. पाणी चढतं तसा काळा रंग फुटतो. त्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा बाहेर येतो. शाई बदलली की पट्टे बदलतात. बॉलपेन किंवा पर्मनंट मार्कर इथे चालत नाही, त्यांची शाई पाण्यात पसरत नाही. घरी एकदा करून बघाच, कारण काही काळी पेनं फारशी फुटत नाहीत. खेळाचे सर सुटले.

आता उरले दोघं, आणि बोटांचे ठसे. कागदावर पेन्सिल घासून काळा डाग करा, त्यावर अंगठा दाबा, अंगठ्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ती पांढऱ्या कागदावर डकवा. मुलांना आधी स्वतःचे ठसे घेऊ द्या. शंख कोणाला, चक्र कोणाला, यावर वर्गात गलका होईल. होऊ द्या, खरी मजा तिथेच आहे. शंख सगळ्यांत जास्त आढळतो, म्हणून शक्यतो चक्र असलेली व्यक्ती चोर निवडा. जगातलं पहिलं ठसे-कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झालं आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता, हेही याच वेळी सांगून टाका.

चार-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाने वहीत ‘काय दिसलं’ आणि ‘त्यावरून काय वाटतं’ असे दोन रकाने आखायचे. मुलं दुसऱ्या रकान्याकडे धाव घेतात. पहिला भरल्याशिवाय पुढचा पुरावा देऊ नका.

नाव बरोबर आलं की बाईंनी एक कोरा कागद पुढे करावा. त्यावर साबणाच्या दाट पाण्याने लिहून वाळवलेलं असतं. हळदीचं पाणी फिरवलं की पिवळ्यावर लाल अक्षरं उमटतात: ‘कपाट तिसरं, खालचा कप्पा’.